उसन्या नावाचं गाऱ्हाणं

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाही तर पुढचं पान बघा, मी कुणाच्या पाया पडत नाही. त्या दिवशी माझा वरचा एक दात पडला. तिथे बसवलेला खोटा दात रोज सकाळी घासताना मला सगळं आठवतं.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारची आहे. गेल्या वर्षी तुळशीची लग्नं लागली, त्याच आठवड्यातली. गाव मालवणच्या जवळ, अगदी किनाऱ्याला. नाव सांगत नाही, तिथे माझ्या आत्याचं घर आहे.

मी अनुजा. मालवणात लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देते. आत्याचे दोन मुलगे. थोरला गुरुप्रसाद, त्याला सगळा गाव भाई म्हणायचा. धाकटा बाबली. भाईने गावात एक ट्रस्ट काढला होता. ट्रस्टचं काम एकच, अँब्युलन्स चालवायची. पाच वाड्यांना मिळून ती एकच गाडी.

काही वर्षांपूर्वी वादळ झालं, त्यात दोघे भाऊ होडी घेऊन जाळी ओढायला गेले होते.

बाबली एकटा परत आला.

भाई मिळालाच नाही. मग त्याची बायको सत्यवती हट्टाला पेटली. "मढा दाखवा, मगे कुकू पुसतंय," म्हणाली. कुणाची टाप नव्हती तिला दुसरं काही सांगायची. ती रोज कपाळभर कुंकू लावायची आणि संध्याकाळी होड्या येताना बघायची.

आता सरकारी गंमत ऐका. ट्रस्टच्या ठेवींवर कापलेला टॅक्स परत मिळायचा होता. रिटर्न मी भरलेलं. पण ते पक्कं व्हायला अध्यक्षाची डिजिटल सही लागते, आणि अध्यक्ष भाई! सहीची मुदत संपलेली. नवी सही हवी तर अध्यक्षाने मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं, पॅन कार्ड दाखवायचं, नाव सांगायचं आणि आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं.

अध्यक्ष बदलायचा तर राजीनामा हवा, नाही तर मृत्यूचा दाखला. बेपत्ता माणूस कायद्याने सात वर्षं मरत नाही. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

आणि अँब्युलन्स इंजिन काढून ताडपत्रीखाली पडलेली. दिवाळीत वाडीतली दिव्या रिक्षातच बाळंत झाली, घाटीच्या चढावर. मूल गेलं. गॅरेजवाला पैशांशिवाय इंजिन देत नव्हता, आणि पैसे त्या रिफंडमध्ये अडकलेले.

म्हणून मी त्या दिवशी गेले. सत्यवतीची समजूत काढून कोर्टात अर्ज करावा, असा माझा विचार होता.

ट्रस्टची खोली किनाऱ्यालाच आहे. आत गेले आणि दारातच माझा पाय अडखळला.

खुर्चीत भाई बसला होता.

भाई नेहमी घालायचा तोच निळ्या चौकटीचा शर्ट. तशीच कातरलेली मिशी…

त्याने मान वळवली. बाबली होता. दोघांच्यात जेमतेम वर्षाचं अंतर, लहानपणापासून लोक फसायचे.

"ह्या काय रे सोंग?" मी ओरडले.

"सोंग न्हय. आजच्या दिसाक भाई मी. पाच मिनटांचा काम."

"तुरुंगात जातलंस, बाबल्या! माका ह्यात घेव नको."

"तू नुसती बस गो. फोन माझो, सिम भाईचा. माका काय करूचा ता मी करतंय." मग तो जरा थांबला. "दिव्याचा पोर गेला तेव्हा खंय होतो तुझो कायदो?"

मला राग आला. मी बॅग उचलली, तर हा नारळ घेऊन उठला.

आमच्याकडे काहीही करायचं तर आधी गाऱ्हाणं घालतात. देवाला काम सांगायचं, परवानगी मागायची आणि बाजूच्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. दुजोऱ्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. सरकारला फसवताना बाबलीला घाम आला नाही. पण दर्याच्या राखणदाराला न विचारता कसं करायचं, हा त्याला घोर!

मी त्याला अडवत अडवत पाण्यापर्यंत गेले.

ऊन डोक्यावर. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. सुकत टाकलेल्या मासळीवर एक कावळा नाही की कुत्रा नाही…

बाबलीने डोळे मिटले.

"बा म्हाराजा, दर्याच्या राखणदारा… माझ्या भावाचा नाव मी आज उसना घेतंय. काम झाला की हयच येवन जेचा तेका परत करतलंय. काय चुकला-माकला तर पदरात घे रे म्हाराजा…"

मी ओठ घट्ट मिटून घेतले. असल्या पापाला मी दुजोरा देणार नव्हते.

"व्हय म्हाराजा…"

आवाज पाण्यातून आला.

तोंडात पाणी भरलेला माणूस बोलेल तसा.

बाबलीला वाटलं मीच बोलले. "बरा झाला," म्हणाला आणि नारळ पाण्यात फेकला. शेंडीचा नारळ तरंगतो, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.

तो पडला… आणि गेला.

वर आलाच नाही. खालून कुणी झेलून घ्यावा तसा.

मी त्याचा दंड धरला. "बाबल्या, चल घराक. माका भय दिसता." त्याने हात झटकला. लाट मोठी होती म्हणे. समुद्र परातीतल्या पाण्याएवढा स्वस्थ होता.

परत आलो तर सत्यवती दारात उभी. हातात भाईचं पॅन कार्ड. बाबलीने तिला 'भाईच्या नावाची पडताळणी आसा' एवढंच सांगितलं होतं. बिचारी ट्रंकेतून कार्ड काढून घेऊन आली होती. तिने तो शर्ट बघितला आणि ती दाराला टेकली. बाबलीने कार्ड तिच्या हातातून ओढूनच घेतलं.

फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. त्यातून बाईचा छापील आवाज येत होता.

"पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा."

धरलं.

"आपले नाव सांगा."

बाबलीने तोंड उघडलं.

नाव आलं नाही. पाणी आलं. भडभडून, गढूळ, शेवाळाचा वास मारणारं. शर्ट भिजला, टेबल भिजलं. त्याचे डोळे बाहेर यायला लागले, तो श्वास घ्यायला धडपडत होता…

आणि खोलीत कुणीतरी नाव सांगितलं.

"गुरुप्रसाद."

"चेहरा जुळला," फोनमधली बाई म्हणाली.

मी स्क्रीनकडे बघितलं. बघायला नको होतं. खुर्चीत बाबली होता. स्क्रीनवर बाबली नव्हता. स्क्रीनवरच्या माणसाचा खालचा ओठ माशांनी खाल्लेला होता, दात उघडे पडले होते.

"आपण जिवंत असल्याची खात्री करण्यासाठी उजवा हात वर करा. पाचही बोटे दाखवा."

बाबलीने उजवा हात पोटाशी दाबून धरला. तो नाही नाही अशी मान हलवत होता.

हात वर गेला. त्याने नेला नाही. कुणीतरी मनगट धरून ओढला.

कट…

करंगळी उलटी झाली. मनगटाला टेकली.

बाबली गुरासारखा ओरडला. मी धावले, दोन्ही हातांनी त्याचा हात खाली ओढायला गेले आणि माझी बोटं कशावर तरी पडली. बाबलीच्या हाताभोवती दुसरा हात होता. दिसत नव्हता, पण होता. बर्फासारखा गार, बुळबुळीत तळवा. त्याला बोटंच नव्हती. बोटांच्या जागी हाडांची खुंटं. त्या खुंटांनी त्याने बाबलीचा पंजा असा आवळला होता की मांस फाटून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं.

मला एक फटका बसला. मी लोखंडी कपाटावर आपटले. तोंडात रक्त आणि दात.

कट… कट… कट…

प्रत्येक बोट वेगळं. सावकाश.

"सोड रे भाई!" बाबली किंचाळला. "होडी उलाटली आसती! दोघव मेलो आसतो! तू होडयेचो काठ सोडी नाय होतंस… म्हणान बोटांर मारलंय कोयत्यान! सोड, तुझ्या पाया पडतंय!"

सत्यवती दारात ताठ उभी होती. तिने सगळं ऐकलं.

अंगठा राहिला होता. तो मोडला नाही. तो मुळासकट उपटला. रक्ताची चिळकांडी भिंतीवरच्या भाईच्या फोटोपर्यंत उडाली आणि बाबलीचं डोकं टेबलावर आदळलं, एकदा, दोनदा, टेबलाची फळी तडकेपर्यंत.

मग सगळं थांबलं.

"पडताळणी पूर्ण झाली. धन्यवाद," बाई म्हणाली.

मी बाहेर धावले आणि सवयीने 'अँब्युलन्स, अँब्युलन्स' म्हणून ओरडत सुटले. अँब्युलन्स समोरच होती, ताडपत्रीखाली. तिला इंजिन नव्हतं. शेवटी बाबलीला मासळीच्या टेम्पोत घातला, बर्फाच्या पेट्यांमध्ये. त्याचं डोकं सत्यवतीच्या मांडीवर. मला वाटलं, ही माणुसकी. पण सगळ्या वाटेत तिने एकच गोष्ट विचारली.

"खंयच्या हातान मारलंस?"

बाबलीने त्या लगद्याकडे बघितलं.

"ह्याच," म्हणाला.

तिने पदराने स्वतःच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. तिथेच, त्या टेम्पोत. मी आजवर एवढं रडले नव्हते.

बाबलीचा उजवा हात डॉक्टरांनी मनगटातून काढला. अंगठा खोलीत मिळालाच नाही. आम्ही फळ्या उचलून बघितल्या. बाबलीने स्वतःच पोलिसांना जबानी दिली, ती धरून पुढे कोर्टातून भाईच्या मृत्यूचा दाखला निघाला. सत्यवतीने दर्भाची पुतळी करून भाईला अग्नी दिला. भाईच्या नावाची ती नवी सही मंजूर झाल्याचा मेसेज आला होता. मीच ती रद्द करायला लावली.

केस चालू आहे. मी एकदा बाबलीला तुरुंगात भेटून आले. तो माझ्याकडे बघतही नव्हता, डावा हात सदऱ्याच्या आत लपवून बसला होता.

"अनू, नाव परत करूचा रवला गो," म्हणाला. "दर्यार जावन परत करतलंय म्हणान बोललंय मी. हयसून कसा जाव?"

कुणाला सांगितलं असतं तर मलाच वेड्यात काढलं असतं.

ट्रस्टची अध्यक्ष आता सत्यवती आहे. तिची डिजिटल सही काढायची होती. पडताळणी माझ्या मालवणच्या ऑफिसात केली, सकाळच्या उजेडात, खिडक्या सताड उघड्या ठेवून. तिने कार्ड दाखवलं. नाव सांगितलं, खणखणीत.

"उजवा हात वर करा. पाचही बोटे दाखवा."

तिने हात वर केला.

स्क्रीनवर तिच्या खांद्यामागून दुसरा एक हात वर आला…

पंजा पांढराफटक, सुजलेला. चार खुंटं. आणि कडेला एक अंगठा. ताजा, तांबडा, त्या हाताला न शोभणारा.

सत्यवतीने मागे वळून बघितलं नाही.

"इलो काय गो तो?" तिने हळूच विचारलं.

"कोण नाय वयनी. तू फुडे बघ," मी म्हणाले.

"खोटा बोला नको. माझो खांदो भिजलो."

पडताळणी पूर्ण झाली. रिफंड शिमग्याच्या आधी खात्यात जमा झाला. अँब्युलन्सला इंजिन बसलं. गेल्या महिन्यात दिव्याच्याच जावेला त्या गाडीने वेळेत दवाखान्यात पोहोचवलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. त्याचा मला आनंद आहे, अगदी मनापासून.

पण डिजिटल सही दोन वर्षांनी परत नवी करावी लागते. परत तो व्हिडिओ, परत हात वर करणं. बाबली अजून आतच आहे आणि नाव परत गेलेलं नाही. सत्यवतीला मी सांगून ठेवलंय, त्याच्या आधी अध्यक्ष व्हायला दुसरं कुणीतरी बघ.

ती नुसती हसली. तो निळ्या चौकटीचा शर्ट रक्त धुऊन, इस्त्री करून तिने ट्रंकेत ठेवलाय, पॅन कार्डाशेजारी.