डावी घडी

हिसानो सेगावा यांचे कलेवर चहागृहातून हलविले जात असतानाच निरीक्षक कुनिएदा कानाझावातील त्या घरी पोहोचले. चहाविधीच्या या वृद्ध आचार्याबाईंना कुट्टूचे (बकव्हीटचे) पीठ विषासमान होते, हे साऱ्या शिष्यवर्गाला ठाऊक होते. तरीही वसंतोत्सवाचे पाहुणे येण्यापूर्वी त्यांनी चाखलेली मिठाई कुट्टूचीच निघाली.

स्वयंपाकघरात मिठाईची दोन खोकी होती. एक तांदळाचे, आचार्यांसाठी, आणि एक कुट्टूचे, पाहुण्यांसाठी. दोन्ही शुभ्र; ना अक्षर, ना चिन्ह. ही बहुगौरवित रचना हिसानोंचे पुत्र रेइजी यांचीच. आतील जिन्नस केवळ बाहेरच्या कागदी पट्टीवर छापलेले, आणि दोन्ही पट्ट्या जागच्या जागी होत्या.

मिठाई वाढली होती शिष्या चिगुसाने. डॉक्टर येऊन तिला दूर करेपर्यंत ती आचार्यांचा हात धरून बसली होती. तेव्हापासून एक शिपाई तिच्यापाशी होता, आणि आता तिच्यासाठी पोलिसांची गाडी दारात उभी होती.

"पट्टी वाचली नाहीस?" कुनिएदांनी तिला विचारले.

"पट्ट्या नव्हत्याच, साहेब. बाईंचं खोकं नेहमी वरच्या फळीवर असतं. तेच घेतलं."

रेइजींनी सांगितले की, सकाळी ते अंगणात खोक्यांची छायाचित्रे घेत होते. परंतु ती खोकी निराळी, असेही ते म्हणाले.

कुनिएदांनी कुट्टूचे खोके उलटे केले आणि बराच वेळ निरखले.

"रेइजीसाहेब, शुभकार्याच्या भेटीला दुकानदार पट्टीची टोकं मागे जुळवताना उजवी घडी वर ठेवतो. इथं डावी वर आहे. तशी ती शोकातच घालतात. म्हणजे ही पट्टी बाई गेल्यावर बांधली गेली. चिगुसा तर त्यांच्याजवळून हललीच नाही. स्वयंपाकघरात तेव्हा कोण होतं?"

रेइजींनी स्वतःच्या हातांकडे पाहिले. ती घडी त्यांना आईनेच शिकविली होती.

"छायाचित्रांसाठी पट्ट्या मी काढल्या," ते म्हणाले. "परत ठेवताना कोणतं कुठलं, मलाच ओळखू येईना. मग तशीच ठेवली; पट्ट्या बांधल्या त्या आई गेल्यावर."

"उघडून पाहायचं."

"आतल्या मिठायाही सारख्याच दिसतात. तेही मीच ठरवलं. आई म्हणायची, माझ्या खोक्यावर एक लाल ठिपका तरी ठेव. मी तिला हसलो होतो."

पुरावा बदलून निरपराध मुलीवर आळ आणल्याचा गुन्हा त्यांच्यावर नोंदविता येणार होता. मृत्यूसाठी कोणते कलम लावावे, हे कुनिएदांना सुचेना. त्यांनी रेइजींना गाडीत बसविले आणि चिगुसाला सांगितले, की तू सुटलीस, घरी जा.

ती उठली नाही.

"पण दिली मीच ना, साहेब?"

कुनिएदा तिच्यासमोर चटईवर बसले.