वजा न झालेला माणूस

सकाळी साडेनऊला वामन तगारे आपल्या खोलीचे दार लावून घेत, टेबलापाशी बसत आणि वर्तमानपत्रातला हवामानाचा रकाना मोठ्याने वाचत. कोकणात तुरळक ठिकाणी सरी, मध्य महाराष्ट्रात आकाश अंशतः ढगाळ. दहा मिनिटांनी टेबलावरचा हिरवा दिवा लागे आणि तगाऱ्यांना सुटल्यासारखे वाटे.

त्या दहा मिनिटांत त्यांनी हवामान वाचणे मुळीच अपेक्षित नव्हते.

विट्याच्या एस.टी. स्टँडमागे एकभेट केंद्र सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. मनाचा त्रास घेऊन येणारी पुष्कळ माणसे एकदाच येतात, पुन्हा फिरकत नाहीत. मग ती एकच भेट पुरेशी का करू नये, असा विचार त्यामागे होता. त्याला जोड मिळाली गाठदर्शकाची. टेबलाच्या फळीखाली बसवलेले हे यंत्र खोलीतले श्वास, नाडीचे ठोके, आवाजातला कंप दुरूनच टिपी. अंगाला वायर नाही, काही नाही. ज्या शब्दापाशी श्वास अडे, तिथे सल्लागाराच्या पडद्यावर लाल खूण उमटे. एरवी चार-पाच भेटी चाचपडण्यात गेल्या असत्या. इथे वीस मिनिटांत गाठ हाती लागे. उरलेला अर्धा तास तिच्यावर बोलायचे आणि उठताना आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची, आपण आता काय करणार ती.

अडचण एवढीच, की खोलीत माणसे दोन असतात आणि यंत्राला सगळे श्वास सारखे. म्हणून सल्लागाराने रोज सकाळी एकट्याने बसून आपल्या मनात सलणारे काहीतरी खरेखुरे बोलून दाखवायचे. यंत्र त्याची अडखळ ओळखून ठेवी आणि दिवसभर ती बाजूला काढी. केंद्रात याला वजाबाकी म्हणत. बोललेले कुठेही साठवले जात नसे. तरीही तगाऱ्यांना ते जमले नाही. तीस वर्षे त्यांनी ग्रंथालयात काढली होती, इतरांना हवे ते शोधून देण्यात. स्वतःबद्दल बोलायला त्यांना भिंतीचीही लाज वाटे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्र उघडले. यंत्राला दहा मिनिटांचे बोलणे मिळाले, त्याने हिरवा दिवा दिला. मग तेच चालू राहिले.

"तगारे सर, तुमच्या खोलीत बारा महिने राखीपौर्णिमा असते की काय?" केंद्रप्रमुख नसीम मुजावर एकदा म्हणाल्या होत्या. "ज्याची त्याची गाठ बहीण-भावाचीच!"

तगारेही हसले होते.

त्या मंगळवारी ते खोलीबाहेर आले तेव्हा बाकावर उज्ज्वला मोहिते बसली होती. औषधाच्या दुकानात काम करणारी, तिशीची बाई. वर्षापूर्वी नवऱ्याचे घर सोडून भाड्याच्या खोलीत राहायला आलेली. गोळ्या मोजताना हात थरथरतात म्हणून दोन आठवड्यांपूर्वी तिने भेट घेतली होती.

"एकच भेट असते, ठाऊक आहे मला," ती घाईने उभी राहिली. "आत येत नाही. उभ्या-उभ्या एक विचारते, सर. यंत्र चुकत नाही ना?"

"का हो? काय झालं?"

तिने पर्समधून घडी घातलेली चिठ्ठी काढली. 'दादाची माफी मागेन.' अक्षर तिचे होते.

"मागितली. पाया पडले धैर्यशीलदादाच्या. तो म्हणाला, उशिरा का होईना, अक्कल आली. तिथूनच त्यानं माझ्या सासरी फोन लावला. रविवारी गाडी येणार आहे मला न्यायला."

"पण तुमचे मिस्टर तर..."

"हात उचलतात. सांगितलं होतं की तुम्हाला." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे तगाऱ्यांना जास्तच लागले. "आता दादा चारचौघांत सांगतो, चूक हिचीच होती, हिनंच कबूल केलंय. मला पटत नाही, सर. घर सोडून आले तेव्हा दारातनं परत घालवलं त्यानं, आणि माफी मी मागायची? पण मग वाटतं, यंत्रानं दाखवलं म्हणजे आत कुठंतरी असणार. मलाच कळत नसेल. तुम्ही हो म्हणालात तर जाईन गुमान."

तगाऱ्यांनी चिठ्ठीवरची ओळ पुन्हा वाचली. "दहा मिनिटं थांबाल?" ते म्हणाले.

आत जाऊन त्यांनी तिच्या भेटीचा आलेख काढला. शब्द आणि त्यांच्याखाली रेघ. लाल खुणा होत्या, सात होत्या. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी त्या मोजल्या होत्या; कोणाच्या शब्दांवर आहेत हे मात्र पाहिले नव्हते. 'तुम्ही परत आलात तेव्हा भाऊ काय म्हणाला?' इथे लाल. 'मग तुम्हाला परत पाठवलं?' इथे लाल. सातही खुणा त्यांच्या प्रश्नांवर होत्या. तिच्या बोलण्यावर एकच फिकट खूण होती, 'दुकानाचं काचेचं दार' या शब्दांवर. त्या दारातून कधीतरी नवरा आत येईल, ही तिची भीती असावी. ती खूण ते ओलांडून गेले होते.

तरी खात्री करायला हवी होती. खात्री करणे ही पळवाटही असेल. खोलीत दुसरे कोणी नव्हते. त्यांनी यंत्र चालू केले आणि कित्येक वर्षांत न उच्चारलेला शब्द उच्चारला.

"अक्का."

पडदा लाल झाला.

थोरली बहीण अक्का सासर सोडून, लोखंडी पेटी घेऊन दारात आली तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. नोकरी नवी, बायको नवी. दोन दिवस ठेवून घेऊन त्यांनीच तिचे परतीचे तिकीट काढले, खिडकीजवळची जागा धरून दिली. बस सुटेपर्यंत अक्का त्यांच्याकडे बघत होती, ते वेळापत्रकाकडे. तीन वर्षांनी ती गेल्याचा निरोप आला. कशाने गेली, ते कोणी नीट विचारले नाही. त्यांनीही नाही.

बाहेर येऊन ते बाकाच्या टोकाला बसले. त्यांना उज्ज्वलेच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ते फरशीकडे बघत बोलले. वजाबाकी, हवामान, अक्का, बस. सगळे सांगायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

"यंत्र चुकलं नाही," ते शेवटी म्हणाले. "मी चुकलो. ती गाठ तुमची नव्हतीच. माझी होती."

उज्ज्वला हसली, आणि ते हसू शिवी दिल्यासारखे होते.

"म्हणजे माफी तुम्ही मागायची होती आणि पाया पडून आले मी!"

"हो."

"हो काय हो! माझं मन पन्नास मिनिटं तुमच्यापुढं उघडं टाकलं मी. आणि तुम्हाला चार भिंतींत स्वतःशी बोलायची लाज वाटली?"

तगाऱ्यांनी मान हलवली.

"त्या दिवशी मी एवढी रडले," ती हळूच म्हणाली, "ते तरी माझं होतं का?"

"मला माहीत नाही," तगारे म्हणाले. "जाऊ नका, उज्ज्वलाताई. एवढं मात्र मी यंत्राशिवाय सांगतो. जाऊ नका."

"ते तुम्ही सांगायची गरज नाही." तिने फोन काढला. "दादा, रविवारी गाडी पाठवू नकोस... नाही, डोकं फिरलेलं नाही... माफी? ती परत घेतली म्हणून सांग सगळ्यांना... मग हस. खुशाल हस." फोन धरलेला हात थरथरत होता, तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. फोन बंद करून ती उठली. "बाकीच्यांना सांगणार ना? का तेही हवामानावर?"

"सांगेन," तगारे म्हणाले.

मुजावर मॅडमनी सगळे ऐकून घेतले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी खोलीला कुलूप लावले, उज्ज्वलेसाठी महिला संरक्षण कक्षाला स्वतः फोन केला आणि नोंदी काढल्या. तगाऱ्यांच्या खोलीतून बहीण-भावाच्या चिठ्ठ्या घेऊन गेलेली माणसे उज्ज्वला सोडून सत्तेचाळीस निघाली.

"सहा जणांचं बिनसलंय. त्यांना आजच सांगायचं," त्या म्हणाल्या. "पण एकेचाळीस जणांनी बरं वाटतंय म्हणून कळवलंय, सर. त्यांना काय सांगणार?"

"त्यांचं बरं वाटणं खोट्यावर उभं आहे."

"बरं वाटणं खोटं असतं का?" त्यांनी विचारले आणि नोंदवही तगाऱ्यांकडे सरकवली. "मला सुचत नाही. तुम्ही ठरवा."

दुपारी सहा फोन झाले. एकाने उचलला नाही. एका बाईने निमूटपणे ऐकून घेतले, आणि एकाने आईवरून शिव्या दिल्या. त्या तगाऱ्यांनी मध्ये न बोलता ऐकल्या.

सातवे नाव, बरे वाटणाऱ्या एकेचाळिसांतले पहिले, टेम्पो चालवणाऱ्या अंकुश लोहारचे होते. अकरा वर्षे बोलणे बंद असलेल्या बहिणीला फोन करीन, असे त्याने चिठ्ठीवर लिहिले होते. तगाऱ्यांना आता आठवले, तो आला होता झोप लागत नाही म्हणून. बहिणीचा विषय त्यांनीच काढला होता.

"अहो सर! तुम्ही?" पलीकडे भांड्यांचा आवाज होता, लहान मुलांचा गलका होता. "शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. ताई आलीये, पोरांना घेऊन. आत्ता तिला तेच सांगत होतो, म्हटलं त्या सरांनी माझ्या मनातलं बरोबर ओळखलं, नाहीतर मी कसला फोन करतोय! झोप अजून नाही लागत, पण ते जाऊ द्या... ए, गप्प बसा रे, सरांचा फोन आहे... ताई, ये इकडं, बोल सरांशी."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली. मग एका बाईचा भरून आलेला, संकोचलेला आवाज आला.

"नमस्कार, सर. तुमचे उपकार कसे फेडायचे, कळत नाही बघा. काही काम होतं का अंकुशकडं?"