नार्वे, घर नंबर दोनशे चौदा

"सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही," म्हातारा म्हणाला आणि भज्यांची बशी स्वतःकडे ओढली.

नार्व्याच्या फेरीधक्क्यावर, कमलच्या चहाच्या गाड्यापाशी दुपारचे चारपाच जण बसले होते. फेरीबोट पलीकडच्या काठाला. रुद्रेश बाकाच्या टोकाला, चहात पाव बुडवत गप्प. उद्या डिचोलीच्या कोर्टात त्याची तारीख. त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात भिकाजी नावाच्या माणसाचं बनावट मतदार कार्ड सापडलं होतं. "गिऱ्हाईक लॅमिनेशनला ठेवून गेलं, एवढंच म्हणायचं," विनिता वकिलीणबाईंनी बजावलेलं, "जास्त तोंड उघडलंस तर सात वर्षं आत." त्याला पकडणारा हवालदार प्रज्योत समोरच मिरची चावत होता.

असं गिऱ्हाईक नव्हतंच. रुद्रेश खोटी कार्डं विकायचा, आणि हे त्यानं नमुना दाखवायला छापलेलं. दोन मेलेल्या माणसांचे फोटो जोडून एक चेहरा. नाव मनातलं, पत्ता मनातला. प्रिंटर बिघडलेला, म्हणून डाव्या गालावर पांढरी रेघ.

"या मांडवीत मगर माझ्या पाठीवर बसून पलीकडे गेली," म्हातारा सांगत होता. "फुकट!"

"हळू बोला आजोबा, फेरीबोटवाला ऐकेल," कमल हसली.

रुद्रेशही हसला. वळला.

म्हाताऱ्याच्या डाव्या गालावर दाढीचे खुंट वाढलेले. मधोमध एक रेघ मात्र कोरी. पट्टीनं ओढल्यासारखी. अंगाला वास तापलेल्या प्लास्टिकचा.

"तुमी खंयचे, आजोबा?" हवालदारानं विचारलं.

"हयचोच. भिकाजी. देवळामागं, घर नंबर दोनशे चौदा."

मिरची हवालदाराच्या हातातच राहिली. "तुम्हाला चार महिने शोधतोय आम्ही!"

गिऱ्हाईक स्वतः चालत आलं होतं. आता रुद्रेशनं नुसतं गप्प बसायचं, की सुटला.

"आईनं मला दुपारचं जन्माला घातलं," म्हातारा त्याच्याकडे बघत म्हणाला. "वीज गेली, आली. गरम गरम बाहेर पडलो. रडलो नाही. फार माया केली तिनं."

"खोटं!" रुद्रेश उठून ओरडला. "कसली आई? तुला मी छापलंय! घराचा नंबरसुद्धा मीच घातलाय, तसलं घरच नाही!"

हवालदारानं हातातली मिरची खाली ठेवली.

"मग खरा घाल रे पुता," म्हातारा हळूच म्हणाला. "चार महिने दार शोधतोय."