काठावरचा एक दगड

"वही शिवून मिळेल का... म्हणजे, हिला अजून वही म्हणता येत असेल तर?"

बाइंडिंगवालीने मान वर केली. दारात एक उंच, विस्कटलेला तरुण उभा. बाहेर कडकडीत ऊन, आणि हा गुडघ्यापर्यंत चिखलात! हातात मातीने माखलेली, पानं सुटलेली वही. पण डोळे असे भाबडे की हसू दाबता दाबता तिची पुरेवाट झाली.

"आधी पाय पुसा. मग वहीचं बघू."

तो नगरपालिकेचा बागइंजिनिअर निघाला. दुकानासमोरच्या कोपऱ्यावरच्या फरश्या उखडून तो तिथे खोलगट बाग करणार होता. खाली खडी, वर वाळू, मग माती आणि त्यात लव्हाळं. रस्त्यावरचं पाणी बागेत उतरणार आणि सावकाश जमिनीत मुरणार.

"म्हणजे पाणी तुंबतं म्हणून तुम्ही आणखी एक खड्डा खणणार?"

"जमीन तहानलेलीच असते हो. आपणच तिच्या तोंडावर फरशी ठेवलीय."

बोलणं गोड होतं, पण पाण्याशी तिचं जुनं वैर. पूर्वी महिन्याचा पाऊस महिनाभर पडायचा, हल्ली तो एका दुपारीच उरकतो. तीन वर्षांत तीनदा दुकानात पाणी शिरलं, कागदाची रिमं भिजून लगदा झाली. बाबा थकले होते. दादाने तर निक्षून सांगितलं होतं, "यंदा पाणी आत आलं की दुकानाला कुलूप. दोघांनी माझ्याकडे, माझ्या गावी यायचं." बाबांनी उभ्या केलेल्या आणि तिने सांभाळलेल्या या दुकानाशिवाय आपण कोण, हे तिला सुचतच नव्हतं.

वही शिवायला एक दिवस पुरतो. तिने तीन आठवडे लावले.

"आज खळ वाळली नाही."

"काल तर दोरा संपला होता..." तो म्हणायचा.

"हो ना, दोऱ्याचं काही खरं नाही हल्ली."

तो रोज दुपारी विचारायला यायचा, चहा घेऊन जायचा. आत पुठ्ठे कापणारे बाबा उगाच खाकरायचे. आणि ती खिडकीतून त्याचं काम बघत राहायची. मूठभर माती नाकाशी नेऊन हुंगणं, प्रत्येक रोपाभोवतीची माती बोटांनी हलकेच दाबणं... इतक्या मायेने काम करणारा माणूस तिने बाबांनंतर पहिल्यांदाच पाहिला होता.

एकदा ती सहज म्हणाली, "बाकी सगळं सुरेख आहे हं. पण काठाच्या दगडांत मध्येच फट का सोडलीत? आमच्या धंद्यात कड उघडी राहिली तर पुस्तक परत येतं."

तो नुसता हसला. दुसऱ्या दिवशी काठ कसा अखंड, देखणा झाला होता. तिला मनातून फार बरं वाटलं.

आणि मग ती दुपार आली. आभाळ फाटल्यासारखा पाऊस. दादा नेमका आलेला. "आवर आता, पुरे झाली हौस," म्हणत तो रिमं बांधायला लागला. पाणी पहिल्या पायरीवर चढलं. तिने बाहेर पाहिलं, तर रस्त्याचा लोंढा त्या सुंदर काठाला घासत सरळ तिच्या दाराकडे येत होता. बाग मात्र अर्धी रिकामीच!

समोरून तो चिंब भिजून धावत आला.

"अहो, पाणी आत जाणार कुठून?" ती ओरडली. "दार कुठाय बागेला?"

तो जागच्या जागी थिजला. "सोडलं होतं... मीच बुजवलं."

"का?"

"तुम्ही म्हणालात ना... कड उघडी चांगली दिसत नाही." त्याचे कान लाल झाले. "इतकी वर्षं शिकलो ते सगळं... तुमच्या एका वाक्यापुढे विसरलो."

पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं. तिने रागवायला हवं होतं. पण काळीज भलतंच उड्या मारत होतं.

"पहार आणा आधी! बाकीचं नंतर बोला."

दोघांनी मिळून पहार दाबली. एक दगड सुटला, मग दुसरा. लोंढा क्षणभर अडखळला, वळला आणि गटागटा बागेत शिरला. लव्हाळं वाकलं, डोललं, पण उखडलं नाही. पायऱ्या एकेक करून मोकळ्या झाल्या. दादा बांधलेली रिमं सोडून परत मांडणीवर लावू लागला. सकाळी पाहिलं तर बागेत पाण्याचा थेंब नव्हता, नुसती ओली, काळी माती.

त्याच दिवशी दुपारी तिने त्याच्यापुढे वही ठेवली.

"माझी वही एवढी जाड नव्हती..."

"कोरी पानं घातलीत. बाग रुजायला वेळ लागतो, तुम्हीच म्हणालात. येऊन बघायला, लिहायला नको?"

त्याने पानं चाळली. "बाग तीन वर्षांत रुजते. ही पानं तर... तीस वर्षं पुरतील."

"पुरू देत की," ती दोऱ्याची गाठ सोडवत म्हणाली. गाठ नव्हतीच. "मला तुम्ही आवडता. दगडासकट."

तो इतका गोंधळला की वही उलटी धरून बसला. "मग... उद्यापासून येऊ? लिहायला?"

"उद्या कशाला?" आतून बाबांचा आवाज आला. "आत्ताच या की!"

आणि आत येताना, कुणी न सांगता, त्याने पाय पुसले.