तात्पुरती फळी

बातमी आली त्या बुधवारी मिस्त्री शाळेच्या प्रयोगशाळेत मेणबत्त्या लावत होता. सातवीचा तास होता. पेटत्या मेणबत्तीवर काचेचं भांडं उपडं घालायचं आणि ज्योत बारीक होत होत कशी विझते ते मुलांना दाखवायचं, एवढाच तो प्रयोग. बाई शिकवायच्या, मांडामांड तो करायचा. बावीस वर्षं तो तिथे सहायक होता. मिस्त्री हे काही त्याचं खरं नाव नव्हे. नात्यात कुणाचाही नळ, बटण, पंखा बिघडला की याला बोलावणं, म्हणून थोरल्या बहिणीनं, ताईनं, ते ठेवलं होतं. पुढे ते बायकोच्याही तोंडी बसलं.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. ताईचे यजमान होते. भावोजी आठवडाभर कामासाठी परगावी होते आणि सकाळच्याच गाडीनं परतले होते.

"अरे, ही बाथरूममध्ये पडलेली सापडली. दार तोडावं लागलं... दवाखान्यात नेतोय. श्वास चालू आहे. तू घरी जा, तिच्या औषधांची फाईल कपाटात आहे, ती घेऊन ये. किल्ली शेजारी ठेवलीय."

तो धावतच निघाला. मागे वर्गात मुलांनी एकदम गलका केला, "विझली! विझली!"

फाईल एका मिनिटात हाती आली. ताईचं कपाटच तसं होतं. डोळे मिटून हात घालावा आणि हवी ती वस्तू मिळावी. दवाखाना चौकाच्या पलीकडे, चालत पाच मिनिटांवर. पण तो जिन्याकडे न जाता बाथरूमकडे वळला.

दार बिजागरीतून निखळून भिंतीला टेकलं होतं. बादली कलंडलेली, गॅसचा गिझर बंद केलेला. आणि वर, छताच्या खाली, जिथे एक्झॉस्ट फॅन असायला हवा होता तिथे प्लायवूडची फळी होती. चार कोपऱ्यांना चार स्क्रू. मधोमध पेन्सिलीनं, त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: तात्पुरती.

आदल्या संध्याकाळी तो इथे पंखा बदलायलाच आला होता. जुना जाम झाला होता, ताईनं नवा आणून ठेवला होता. जुना काढून झाल्यावर कळलं की नवा दोन इंचांनी मोठा आहे. भोक वाढवायला हवं, आणि छिन्नी तर घरी राहिलेली.

"उद्या मला डोक्यावरून न्हायचंय," ताई म्हणाली होती. "त्या भोकातून वारा कसला बोचतोय बघ. काहीतरी लावून जा बाबा."

"लावतो. तात्पुरतं."

"तुझं तात्पुरतं! स्वयंपाकघरातला तो तात्पुरता खिळा माझ्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे."

त्यानं फळी लावली. त्या बाथरूमला दुसरी खिडकी नव्हती. कोंडलेल्या जागेत गॅस जळत राहिला की हवेचंच विष होतं आणि त्या विषाला वास नसतो, हे मेणबत्त्या लावण्यात जन्म गेलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. दार उघडं ठेवून पाणी काढ, एवढं एक वाक्य. ते त्याला सुचलं नाही असं नव्हे. हत्यारं आवरताना ते मनात आलं होतं. पण ताई आत भांडी लावत होती, टीव्हीवर मॅच सुरू झाली असणार होती, आणि उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत ते निसटलं. "येतो गं," तो दारातून म्हणाला. निघणाऱ्याला सगळे "ये" म्हणतात. ताई त्याला कधीच तसं म्हणायची नाही. ती आतून ओरडायची, "कधी?" तो म्हणायचा, "आलोच!" कैक वर्षांचा त्यांचा हा खेळ.

आता त्यानं ताईच्या हत्यारांच्या डब्यातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि स्टुलावर चढला. स्क्रू घट्ट बसले होते. त्याचं काम पक्कं असे. तिसऱ्याची खाच झिजली. तो अगदी हळू, दाबून दाबून फिरवावा लागला. फळी पिशवीत घातली, वर फाईल ठेवली. भिंतीत स्क्रूची चार छिद्रं दिसत होती. ती त्यानं ताईच्याच अंगाच्या साबणानं लिंपली. दार तोडायच्या गडबडीत भावोजींनी वर पाहिलंच नसणार.

दवाखान्यात पोचला तेव्हा भावोजी बाकावर बसले होते आणि एक नर्स त्यांना पाणी देत होती. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आत्ताच गेल्या. दहा मिनिटं झाली असतील."

स्क्रूंना त्याला दहा मिनिटंच लागली होती.

फळीचे त्यानं शाळेत करवतीनं चार तुकडे केले आणि मागच्या भंगारात टाकले. दुसऱ्या दिवशी चौकशीला गॅस कंपनीचा माणूस आला. त्यानं भोकातून हात बाहेर घालून पाहिला आणि वहीत लिहिलं. "हवा तर खेळती आहे. म्हणजे दोष गिझरचा. अलीकडे कुणी उघडला होता का?"

भावोजींनी वर्गात करावा तसा हात वर केला. "मी. गावाला जायच्या आधी बर्नर साफ केला होता. म्हटलं, कारागिराला कशाला बोलवा..."

मिस्त्री दोन हातांच्या अंतरावर उभा राहून ऐकत होता.

ताईची एकुलती लेक दूरच्या शहरात नोकरी करत होती. ती त्या रात्रीच आली होती. वडिलांचं ते बोलणं तिनं ऐकलं, आणि त्यानंतर ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. घरात दोनच माणसं, आणि निरोप मामाच्या फोनवरून. "मामा, त्यांना सांग, जेवण झाकून ठेवलंय."

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी भावोजींनी फोन केला.

"तो पंखा तेवढा बसवून टाकतोस का? तिनं हौसेनं आणला होता. उद्या लेक जातेय. आता ही परत या घरात पाऊल टाकेलसं मला वाटत नाही. तिच्या देखत काहीतरी धड होऊ दे."

नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. दुपारी दोनला तो छिन्नी-हातोडी घेऊन गेला. ऊन लख्ख पडलं होतं. भाची बॅग भरत होती. तिनं त्याला चहा दिला आणि हळू आवाजात म्हणाली, "तू असतास ना मामा, तर हे झालं नसतं. गिझर तुला दाखवायला हवा होता. तुझं काम कसं पक्कं असतं. ह्यांना मेलं सगळं स्वतःच करायचं असतं."

त्यानं कप तसाच खाली ठेवला. "कामाला लागतो," म्हणून तो उठला.

धूळ घरभर होऊ नये म्हणून त्यानं बाथरूमचं नव्यानं बसवलेलं दार आतून लोटून घेतलं. गिझर काढून नेला होता. नळ्यांच्या तोंडांना बुचं मारली होती. तीन आठवडे तिथे कुणी पाणी सांडलं नव्हतं. फरशी कोरडी, बादली पालथी. त्यानं स्टूल मांडलं, मान वर केली.

भोकावर फळी होती.

चार कोपऱ्यांना चार स्क्रू. मधोमध पेन्सिलीचं अक्षर.

भावोजींनी लावली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण अक्षर? तिसऱ्या स्क्रूची झिजलेली खाच? त्यानं फळीवर बोट टेकवलं. लाकूड कोमट होतं. कुणी नुकतंच न्हाऊन गेलेल्या खोलीतलं लाकूड असावं तसं कोमट आणि दमट.

काम करणाऱ्या हातांना एक सवय असते. डोकं बधिर झालं तरी ते आपलं चालू राहतात. त्यानं चार स्क्रू काढले आणि मुठीत घेतले. फळी सोडवली, स्टुलाखाली ठेवली.

मागे फळी होती. तेच अक्षर.

तिचेही चार काढले. आता वास येऊ लागला. ताईच्या साबणाचा, ओल्या केसांचा. कडांच्या फटींतून वाफ आत येत होती, बारीक, पांढरी. बाहेर दुसऱ्या मजल्याची उघडी भिंत होती आणि भर दुपारचं ऊन. वाफ कुठून येणार? दुसरी फळी निघाली.

मागे तिसरी होती.

या वेळी स्क्रू हाताला चटका देत होते. चौथा सुटला तेव्हा फळी त्यानं ओढली नाही. ओढायचा धीर होईना. तो कपाळ भिंतीला टेकून उभा राहिला आणि अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाला, "सांगतो गं, ताई... सांगतो मी त्यांना..."

फळीच्या पलीकडून, अगदी कानाशी, कुणीतरी विचारलं, "कधी?"

आवाजात राग नव्हता. भांडी लावता लावता विचारावं तसा तो आवाज होता.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. "मिस्त्री?" भावोजी होते. "कधी म्हणून काय विचारतोयस? मी इथेच आहे रे. काय हवंय?"

"मी... मी नाही विचारलं."

"अरे, आत्ता ऐकलं की मी."

दार उघडलं. भोकातून उन्हाचा एक लांब पट्टा आत आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. भोक उघडं, स्वच्छ, पलीकडे आभाळ. स्टुलाखाली काही नव्हतं. वाफ नव्हती, वास नव्हता. भावोजींनी त्याच्या मुठीकडे पाहिलं.

"एवढे स्क्रू कशाला?"

त्यानं मूठ उघडली. बारा स्क्रू होते. तळहातावर लाल वळ उठले होते.

"असू द्यावेत जवळ," तो म्हणाला.

मग भावोजी तिथेच बसून राहिले, पालथ्या बादलीवर. त्यानं भोक छिन्नीनं वाढवलं, पंखा बसवला, वायर जोडली, बटण दाबलं. पाती फिरू लागली. भावोजी उठले आणि त्यांनी पंख्यापुढे हात धरला.

"बघ, किती सोपं होतं. तुझ्यासारखे हात हवेत. या हातांनी तर..." त्यांनी स्वतःच्या हातांकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. "लेक बोलत नाही त्याचं मला काही वाटत नाही रे. तिचं बरोबर आहे. मीही स्वतःशी बोललो नसतो. एक सांग, तुला कळतं यातलं. तिला त्रास झाला असेल का?"

दार उघडं होतं. भाची पॅसेजमध्ये थबकली होती, हातात घडी केलेली आईची शाल. दोघंही त्याच्याकडे बघत होते. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत काम झालं असतं. बाप-लेकीला एकमेकांची तोंडं परत मिळाली असती, आणि त्याचं तोंड त्या घरातून कायमचं गेलं असतं. हा हिशेब त्यानं तिथे उभ्या उभ्या केला, त्या माणसाच्या डोळ्यांत बघत. त्याची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

"नाही," तो म्हणाला. "त्रास नाही होत. झोपच लागते. आणि भावोजी, मनाला लावून घेऊ नका. चूक कुणाच्याही हातून होते."

भाची शाल घेऊन आत निघून गेली. तिला वाटलं, मामा वडिलांची बाजू घेतोय. दुसऱ्या दिवशी तिला स्टेशनवर सोडायला तोच गेला. वडील घरीच राहिले. खिडकीतून ती म्हणाली, "मामा, तू फार चांगला आहेस." गाडी हलली.

त्याच आठवड्यात बायकोनं तक्रार केली. "मिस्त्री, आपल्या बाथरूमचा पंखा बघ जरा. फिरतो, पण वाफ काही जात नाही."

त्यानं कागदाची एक पट्टी पंख्यापुढे धरली. पंखा हवा बाहेर ओढतो. पट्टी जाळीला चिकटायला हवी. ती उलटी फडफडत त्याच्या तोंडावर आली. त्यानं पंखा उतरवला, पाती पाहिली, फिरण्याची दिशा पाहिली, सगळं तपासून पुन्हा बसवला. सगळं बरोबर होतं. पट्टी पुन्हा आत आली. पंखा बंद केला तरी ती आत येत राहिली. बाहेर चौथ्या मजल्याची कोरडी पोकळी होती, आणि तिथून ओली, कोमट हवा सावकाश आत येत होती, कुणीतरी घाईत नसलेलं माणूस श्वास सोडत असावं तशी.

बायको आता दार उघडं ठेवून अंघोळ करते. तसं त्यानंच तिला बजावून सांगितलं, लगेच, त्याच मिनिटाला.

भाची पोचल्याचा मेसेज आला होता. त्याखाली तिचा नंबर आहे. त्यानं अजून फोन केलेला नाही.