ड्रमवरच्या सात रेघा

रविवारी जेवण उरकून नाथाजी दवाखान्यात आला, तेव्हा बाहेर ऊन मी म्हणत होतं. काम नेहमीचंच. सोमवारच्या ऑपरेशनची हत्यारं आणि कापडं गोल पत्र्याच्या ड्रममध्ये भरायची, ड्रम वाफेच्या यंत्रात घालायचा, वहीत सही करायची आणि चारच्या एसटीनं घरी जायचं.

कवठे महांकाळच्या बाजूला माळावर एकटाच उभा असलेला तो दवाखाना. आजूबाजूला बाभळी आणि वारा. नाथाजीनं फौजेच्या इस्पितळात बावीस वर्षं हेच काम केलं होतं. शिक्षण चौथी, पण नुसत्या आवाजावरून तो ओळखायचा की यंत्र पोटभर तापलंय की उपाशी आहे.

ड्रमवर एक कागदी टेप चिकटवतात. तिच्यावर फिकट तिरप्या रेघा असतात. वाफ पुरेशी तापली की त्या काळ्या होतात. काळ्या झाल्या म्हणजे आतलं सगळं शुद्ध. फिकट राहिल्या तर त्या ड्रमला हात लावायचा नाही. फौजेतला त्याचा सुभेदार म्हणायचा, "माणूस खोटं बोलंल, टेप बोलायची न्हाई."

दोन महिन्यांमागं यंत्राच्या दाराचं रबर चिरलं. वाफ फुसफुसत बाहेर जाऊ लागली. पंधरावर चढायचा दाबाचा काटा दहावरच अडू लागला. मोठे डॉक्टर म्हणाले, "पुण्याहून मागवलंय. तोवर चालवून घ्या."

त्याच आठवड्यात शिवांजली नावाची पोर बाळंतपणाला आली. मूल आडवं होतं, ऑपरेशनची घाई झाली. ड्रम बाहेर काढला तर टेप फिकटच. मंगल सिस्टरनं खिशातलं काळं पेन पुढं केलं. "वढा रेघा, मामा. नुसतं बगत ऱ्हाऊ नगा."

नाथाजीनं सात रेघा ओढल्या. घाईत त्या वेड्यावाकड्या झाल्या. सातवी रेघ टेप सोडून पत्र्यावर गेली.

शिवांजलीच्या हातात डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या होत्या. त्या ती काढू देईना. शेवटी नाथाजीनंच त्यांच्यावर जाळीचं कापड गुंडाळलं. तेव्हा ती हळूच म्हणाली, "मामा, समदं स्वच्छ हाय न्हवं?"

"व्हय बाळा. एकदम."

नवव्या दिवशी सांगलीच्या इस्पितळात ती वारली. टाक्यांत पू झाला होता, तो अंगभर भिनला. इथल्या कागदावर लिहिलं गेलं की घरच्यांनी स्वच्छता पाळली नाही. तिच्या सासूला वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवलं, तशी ती बाई दवाखान्याच्या पायरीवर बसून कपाळ बडवू लागली. "आमचंच चुकलं, आमचंच चुकलं..." नाथाजी जिन्याखाली उभा होता. तो तसाच मागच्या दारानं निघून गेला.

आता सोमवारी तपासणी होती. दवाखान्याला स्वच्छतेचं प्रमाणपत्र मिळायचं होतं. भिंतीवर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचा रंगीत फलक लागला होता. फलकाखाली बेसिन होतं. साबण मात्र मंगल सिस्टरच्या कपाटात, कुलपात होता. पाहुणे आले की काढायचा. रबर अजून यायचंच होतं. आणि सोमवारी नऊला पहिलं ऑपरेशन बाळंतपणाला आलेल्या सईचं होतं.

सईची सासू गोदावरी बाहेरच्या बाकावर शेंगा सोलत बसली होती. "रविवारी बी सुट्टी न्हाई व्हय मामा?"

"वाफंला कुठला रविवार, गोदाक्का."

"मग लय कडक हाय म्हना वाफ. आमच्या सासूवानी." ती हसली. मग शेंग हातातच राहिली. "पोरगीचं नीट व्हईल न्हवं?"

नाथाजीनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

आत मंगल सिस्टरनं पेन काढून ठेवलं होतं. "मागच्यावानी करा. उद्या तपासणीवालं टेप बगत्यात आन् वही बगत्यात. काटा कुनी बगत न्हाई."

"सिस्टर, त्या पोरीचं..."

"मी काय हौसंनं सांगती व्हय? मला बी घर हाय." तिनं तोंड फिरवलं. नाथाजीनं पेन उचललं नाही. ते टेबलावरच सोडून तो वाफेच्या खोलीत गेला.

ड्रम आत घातला, दार आवळलं, बटण दाबलं. खोलीत तापलेल्या कापडाचा आणि करपल्या रबराचा वास भरला. काटा चढत चढत दहावर आला आणि थांबला. दाराच्या फटीतून वाफ सुरू झाली... फुस्स... फुस्स... जणू कुणी दम लागल्यावर श्वास घेतंय.

तेवढ्यात शेजारच्या ऑपरेशनच्या खोलीत नळ सुटला.

तिथं कुणी असायचं कारण नव्हतं. खोलीला बाहेरून कडी होती. पाणी पडत राहिलं. त्या पाण्याखाली कुणीतरी हात धूत होतं. घाईनं नाही, सावकाश. तळवे, मग बोटांच्या फटी, मग मनगटं. आणि मनगट फिरलं की एक दबका आवाज... बांगड्यांचा, पण मोकळा नाही. कापडात गुंडाळल्यासारखा.

नाथाजीनं कडी काढली. आत पडदे ओढलेले. नळ बंद. बेसिनवर बोट फिरवलं तर बोटाला धूळ लागली.

तो परतला. यंत्र थांबलं होतं. दार उघडून त्यानं ड्रम ओढला, तर टेपवरच्या रेघा काळ्याभोर. क्षणभर त्याच्या जिवात जीव आला. देव पावला म्हणायचा! मग त्यानं खाली वाकून पाहिलं. रेघा वेड्यावाकड्या होत्या. सातवी टेप सोडून पत्र्यावर गेली होती.

त्यानं अंगठा लावला. शाई ओली होती.

नळ पुन्हा सुटला. या वेळी अगदी पाठीमागं.

"मामा... समदं स्वच्छ हाय न्हवं?"

नाथाजी वळला नाही. ड्रमच्या कडेला धरून तो उभा राहिला. पत्रा तापलेला होता, तळवे भाजत होते, पण हात सुटेना. तसाच तो म्हणाला,

"न्हाई, पोरी... न्हाई."

नळ थांबला.

त्यानं टेप सोलून खिशात घातली आणि तडक बाकापाशी आला. "गोदाक्का, सुनंला उचला. मिरजंला न्या. आत्ताच्या आत्ता."

"का वो? काय झालं?"

"हत्यारं कच्ची हायत. यंतर बिघाडलंय. दोन म्हयन्यांमागं बी बिघाडलं व्हतं, तवा मी पेननं रेघा वढल्या. एक पोर गेली."

गोदावरी त्याच्याकडं बघत राहिली. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. "दोन म्हयनं गप ऱ्हायलासा? आन् आज सांगतासा?"

तिनं भाच्याला फोन करून जीप मागवली. सईला हाताला धरून चढवलं. जाताना तिनं नाथाजीकडं वळूनही पाहिलं नाही. मिरजेत सईला मुलगी झाली, दोघी सुखरूप. हे त्याला एसटीत तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

डॉक्टरांनी त्याला त्याच रविवारी संध्याकाळी घरी बसवलं. मंगल सिस्टर म्हणाली, "म्हातारपनी खरं आठवलं व्हय, मामा?" सोमवारी तपासणीचे पाहुणे आले, वही पाहिली, नव्या साबणानं हात धुतले, चहा घेतला. प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत दारातच लागलं.

शिवांजलीच्या गावाला नाथाजी दोनदा गेला. दोन्ही वेळा फाट्यावर उतरला, तिच्या सासूच्या घराकडं पाहत उभा राहिला आणि परतीच्या एसटीनं घरी आला.

टेप त्यानं घरी फौजेच्या पदकाच्या डबीत ठेवली होती. बायको गेल्यापासून घरात तो एकटाच. रोज सकाळी डबी उघडायची, रेघा मोजायच्या. सात. शाई केव्हाच सुकली होती.

परवा गुरुवारी त्यानं मोजल्या. आठ.

पुन्हा मोजल्या. आठव्या रेघेची शाई ओली होती, अंगठ्याला लागली. घरात पेन नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात नऊला दहा मिनिटं कमी होती. त्यानं मंगल सिस्टरला फोन लावला. "सिस्टर... आज पैलं आपरेशन कुनाचं हाय?"

"एक पोरगी हाय, पैलटकरीन. का वो?"

"आत नेली?"

"नेतोय आता."

"नगा नेऊ. पाया पडतो तुमच्या. टेप बगा आदी."

"टेप काळी हाय मामा. मी सोता..." ती बोलता बोलता थांबली. फोनमध्ये तिच्यामागून पाण्याचा आवाज येत होता. संथ, न थांबणारा. आणि त्या पाण्याखाली काहीतरी दबकं किणकिणत होतं.

"कोन हाय तिकडं?" मंगल सिस्टरनं विचारलं. ते नाथाजीला नव्हतं.