वाटाड्याचा प्रश्न

वाटाड्याने सकाळपासून दुसऱ्यांदा वाट बदलली, तेव्हा वसुधा बिचकली.

तशी ती घाबरट नव्हती. साताऱ्याच्या कॉलेजात वर्षानुवर्षं भूगोल शिकवल्यावर, नवऱ्याच्या नाकावर टिच्चून ती सह्यधारेच्या लांबच लांब वाटेवर एकटी निघाली होती. पाठीवर तंबू आणि शिधा, कानात वाट सांगणारं चवळीच्या दाण्याएवढं यंत्र, वाटाड्या. गणपती उठले तरी पाऊस काही उठायचं नाव घेत नव्हता. चार दिवसांच्या उघडिपीनंतर तो पुन्हा असा लागला होता की गुडघ्याखालचं काही कोरडं उरलं नव्हतं.

"उजवीकडे वळा," वाटाड्या गोड आवाजात म्हणाला. "म्हातारकड्याच्या पोटातली वाट घ्या. ती निसर्गरम्य आहे."

धुक्यात स्वतःचे बूट दिसायची मारामार, तिथे निसर्ग काय डोंबल दिसणार होता. पण पावसात वाटाड्याशी वाद घालायचा नाही, हे या वाटेवरच्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पाच वर्षांत त्याने कुणाला चुकवलं नव्हतं, आणि तो मिळत होता फुकट. बदल्यात बुटात फक्त थरथर टिपणारे 'कंपतळवे' घालायचे. दरड सुटण्याआधी डोंगर आतून बारीक थरथरतो. ती थरथर टिपायला शास्त्रज्ञांनी पूर्वी उतारांवर यंत्रं पुरली होती, पण काही वाहून गेली, काहींच्या तारा घुशींनी खाल्ल्या. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की माणसं चालतातच आहेत, तर यंत्र त्यांच्या पायांखाली घालावं. चालणाऱ्याला वाट कळते, डोंगराची तब्येत खालच्या गावांना कळते, आणि धोका दिसला की तिथला भोंगा वाजतो. वसुधाने वर्गात ही योजना मोठ्या कौतुकाने शिकवली होती.

खिंडीत घोंगडीची खोळ पांघरून एक माणूस उकिडवा बसला होता. तिला पाहताच तो असा उठला, जणू तिचीच वाट पाहत होता. आणि खरंच तो तिचीच वाट पाहत होता.

त्याचं नाव बाबू कोकरे. म्हातारकड्याच्या पायथ्याला त्याची धनगरांची वाडी. दरडीच्या भीतीने कालपासून अख्खी वाडी पलीकडच्या टेकाडावरच्या शाळेत येऊन बसली होती. पोरं किरकिरत होती, गुरं गोठ्यात उपाशी हंबरत होती, आणि बायका आता कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. म्हणून वाडीने बाबूला वाटेवरचं माणूस गाठायला वर पाठवलं होतं.

"तुमी कडा पार केलासा की मी खाली हाळी देतो," तो म्हणाला. "मग समदी घराकडं जात्याल."

"मी पार केल्याचा आणि त्यांनी घरी जाण्याचा काय संबंध?"

बाबूला तिच्या अडाणीपणाची गंमत वाटली असावी. "वाटंवरचं मानूस कड्यावरनं गेलं, म्हंजी डोंगर धड हाय. तुमचं यंत्र काय उगं मानसाला मरायला घालतंय व्हय, ताई?"

वाडी असा अर्थ लावते, हे वसुधाला कुणी सांगितलं नव्हतं. वाटाड्या बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. तिने वाटाड्याचा आवाज बाबूला ऐकू जाईल इतका मोठा केला आणि आजवर कधीच न विचारलेला साधा प्रश्न विचारला.

"ही वाट सुरक्षित आहे का?"

"या उताराची ताजी माहिती उपलब्ध नाही."

"मग मला तिकडे का पाठवतोयस?"

"माहिती मिळावी म्हणून. आज या पट्ट्यात तुमच्याशिवाय कुणीही चालत नाही."

ती भडकली. निसर्गरम्य म्हणे. आपल्याला वाट दाखवणारा गेले कित्येक दिवस आपल्याला आमिषासारखा फिरवत होता, आणि आपण त्याचे आभार मानत होतो. बाबूला मात्र वेगळंच आठवत होतं. गेल्या साली तीनदा अशीच हाळी देऊन त्यानेच माणसं घरी नेली होती. लेकीच्या बाळालाही.

"तुमी जाऊ नगा, ताई," तो म्हणाला.

तिला तेच हवं होतं. मागे फिरावं, डांबरी रस्ता गाठावा, एस.टी.त बसावं. पण ती गेली नाही तर काय होईल, हेही तिला लख्ख दिसत होतं. संध्याकाळ व्हायच्या आत बायका गुरांसाठी खाली उतरणारच. कुणाच्या तोंडी शब्दावर त्या थांबणार नव्हत्या. भोंगा वाजला तरच थांबतील, आणि भोंगा वाजायचा तर उतारावर कुणाचे तरी पाय पडायला हवे होते.

तिने पाठपिशवी बाबूच्या हवाली केली. आज कुणालाही घरी जायला सांगायचं नाही नि आपण पार गेलो तरी हाळी द्यायची नाही, असं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मग ती कड्याच्या पोटात शिरली.

पायांखालची माती भिजलेल्या कणकेसारखी दबत होती. "थांबा. स्थिर उभ्या राहा," वाटाड्या म्हणाला. स्थिर कसलं, तिच्या पोटऱ्याच लटलटत होत्या. ही थरथर डोंगराची की आपली, हे यंत्राला तरी कळेल का, असं तिला वाटलं. स्वतःच्या लेकीची आठवण आली. इतकी भीती तिला बाळंतपणातही वाटली नव्हती. खालून कुठूनतरी खडे घरंगळल्याचा आवाज आला.

"पाया सरकतो आहे. आल्या पावली परत फिरा. इशारा पाठवला आहे."

ती खिंडीत पोचेपर्यंत शाळेवरचा भोंगा धुक्यातून रडू लागला होता. दुपारी म्हातारकडा सुटला. आवाज फार मोठा नव्हता, पण बराच वेळ चालू होता. वाडीची वरची आळी गोठ्यांसकट गाडली गेली. माणसं सगळी शाळेत होती. बाबू आपल्या दोन म्हशींची नावं घेऊन लहान पोरासारखा रडला, आणि मग वसुधाच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला वाकू दिलं नाही. आपण वाचवलं की आपल्याला वापरलं, हे तिचं तिलाच उमगत नव्हतं.

डांबरी रस्त्याकडे उतरताना तिने वाटाड्याला खडसावलं, "यापुढे मला खरं सांगायचं. विचारल्याशिवाय कुठेही पाठवायचं नाही."

"समजलं," तो म्हणाला.

खाली वळणावर एस.टी.चे पिवळे दिवे दिसू लागले. तिला नवऱ्याच्या हातचा कडक चहा दिसू लागला.

"विचारायचं आहे," वाटाड्या म्हणाला. "डावीकडच्या डोंगराखाली दोन वाड्या आहेत. तिथली माहिती उपलब्ध नाही. तुमच्या जिवाला धोका किती, ते मला सांगता येत नाही. याल का?"

वसुधा पाय रोवून उभी राहिली. सकाळी त्याने फसवलं, म्हणून तिचा संताप झाला होता. पण तेव्हा निदान उत्तर तिला द्यावं लागलं नव्हतं. एस.टी. वळणावर येऊन थांबली, कंडक्टरने दार उघडून धरलं, आणि तिच्या मनात आलं, याने विचारलंच नसतं तर?